सांभाळणाऱ्यांचा सांभाळ

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आजोबांनी चष्मा कपाळावर ठेवून तो घरभर शोधला, की कोणीतरी ती हसत हसत उच्चारतो आणि आजोबाही त्या हसण्यात सामील होतात. परंतु त्याच आजोबांनी एके दिवशी स्वतःच्या मुलाला ‘आपण कोण? कुठल्या गावचे?’ असे विचारले, म्हणजे घरातले हसू मावळते. जेवण होऊन घटका झाली नाही तोच ‘मला कोणी जेवायला घातले नाही’ अशी तक्रार शेजाऱ्याच्या दारात जाऊन होऊ लागली, रात्री दोन वाजता दाराची कडी काढून माणूस रस्त्याला लागू लागला, की म्हण अपुरी पडते. मग घरातले एक माणूस, बहुधा पत्नी, सून किंवा मुलगी, आपली झोप, आपली नोकरी, आपले सणवार बाजूला ठेवून त्या वृद्धाच्या उशाशी बसते. ते बसणे काही महिन्यांचे नसते. अनेकदा ते आठ-दहा वर्षांचे असते.

वृद्धाच्या विस्मरणाविषयी म्हण आहे. पण उशाशी बसलेल्या त्या माणसाविषयी म्हण नाही. वैद्यकाच्या इतिहासातही त्याला फार उशिरा जागा मिळाली. त्याच्या मनाला आधार कोणी द्यावा, कसा द्यावा, आणि ज्याला आपण अध्यात्म म्हणतो त्याचा येथे नेमका काय उपयोग, हे प्रश्न गेल्या पन्नास वर्षांतच नीटपणे विचारले जाऊ लागले. त्या विचारण्याचा इतिहास लहान असला तरी बोधप्रद आहे.

प्रारंभ शब्दापासून करावा लागतो. या विकाराला मराठीत आज ‘स्मृतिभ्रंश’ म्हणतात. शब्द जुना आहे आणि भारदस्त आहे. परंतु तो निर्मळ नाही. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तो येतो तो एका साखळीतली कडी म्हणून. विषयांचे चिंतन, त्यातून आसक्ती, आसक्तीतून काम, कामातून क्रोध, क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतीचा भ्रंश आणि शेवटी बुद्धीचा नाश अशी ती उतरंड आहे. चरकसंहितेतही धी, धृती आणि स्मृती या तिन्हींच्या भ्रंशाची गणना प्रज्ञापराधात केलेली आढळते, आणि अपराध म्हटला की अपराधी आलाच. गीतेला किंवा चरकाला वृद्धापकाळी मेंदूच्या पेशी झिजून होणारा हा विकार अभिप्रेत नव्हता, हे उघड आहे. तरीही शब्द आपल्यामागे आपले जुने अर्थ ओढीत येतात. स्मृती गेली म्हणजे कोठेतरी काहीतरी चुकले असले पाहिजे, ही भावना समाजाच्या मनात खोलवर बसलेली आहे. आणि चूक त्या वृद्धाच्या माथी मारता येत नाही म्हणून ती हळूहळू घरच्यांच्या माथी येते.

दुसरे ओझे आदर्शांचे आहे. कावड खांद्यावर घेतलेला श्रावणबाळ आणि दारी आलेल्या परब्रह्माला विटेवर थांबवून आईवडिलांचे पाय चेपीत बसलेला पुंडलिक, या दोन मूर्ती महाराष्ट्रातील प्रत्येक मुलाला शाळेत जाण्यापूर्वीच ठाऊक होतात. त्या मूर्ती थोर आहेत यात शंका नाही. परंतु श्रावणाच्या खांद्याला घट्टे पडले होते काय, पुंडलिकाला रात्री झोप मिळत होती काय, हे कोणी विचारीत नाही. श्रावणाच्या मातापित्यांना दिसत नव्हते, पण ते आपल्या पुत्राला ओळखीत होते. ज्या पुत्राला त्याची आईच ओळखत नाही, उलट चोर समजून त्याच्यावर ओरडते, त्याने कोणाकडे पाहून धीर धरावा? आदर्श मार्ग दाखवितो. तसाच तो पुष्कळदा पाठीवर आसूडही ओढतो. सेवा करणाऱ्याला राग आला, कंटाळा आला, क्वचित ‘आता सुटका झाली तर बरे’ असा विचार मनात चमकून गेला, की त्याला स्वतःचीच घृणा वाटू लागते. हे दुःख तो कोणापाशी बोलत नाही. वैद्याला ते दिसत नाही आणि शेजाऱ्याला ते सांगता येत नाही.

या विकाराच्या आधुनिक इतिहासातही प्रथम असेच घडले. इ. स. १९०१ च्या २५ नोव्हेंबरला जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहराच्या मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर नावाची एक्कावन्न वर्षांची स्त्री दाखल झाली. तिचा पती रेल्वेच्या कचेरीत कारकून होता. प्रथम तिला पतीविषयी विनाकारण संशय येऊ लागला. पुढे स्मरणशक्ती ढासळली. राहत्या घरात तिला वाट सापडेना, वस्तू ती इकडून तिकडे नेऊन लपवू लागली, आपल्याला कोणी ठार मारणार आहे असे वाटून ती किंचाळू लागली. तेथील डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी तिला विचारलेले प्रश्न आणि तिने दिलेली उत्तरे बारकाईने टिपून ठेवली. आपण स्वतःलाच हरवून बसलो आहोत, अशा अर्थाचे तिचे उद्गार त्या टिपणांत आहेत. १९०६ च्या ८ एप्रिलला ती वारली. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ट्युबिंगेन येथील वैद्यसभेत अल्झायमर यांनी तिच्या मेंदूच्या तपासणीचा वृत्तान्त सादर केला. श्रोत्यांपैकी कोणी एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यग्रंथात या रोगाला अल्झायमर यांचे नाव दिले.

डॉक्टरांचे नाव रोगाला मिळाले. रुग्ण स्त्रीचे नाव जवळजवळ नव्वद वर्षांनी, म्हणजे १९९५ मध्ये तिची हरवलेली फाइल फ्रँकफुर्टमध्ये पुन्हा सापडल्यावर जगाला नीट कळले. तिच्या पतीचे नाव मात्र आजही फारसे कोणी घेत नाही. ज्या पत्नीबरोबर त्याने संसार केला ती त्याच्यावर अकारण संशय घेऊ लागली, ते दिवस त्याने कसे काढले असतील? त्याच्याविषयी इतिहासाला एवढेच ठाऊक आहे की, त्याने लक्षणे सांगितली आणि तिला रुग्णालयात आणून सोडले. शुश्रूषा करणाऱ्याची गणना तेव्हा साक्षीदार म्हणूनच होत होती. त्याला स्वतःला काही झाले असेल, हे कोणाच्या मनात आले नव्हते.

पुढची साठ-सत्तर वर्षे याहूनही विचित्र गेली. ऑगस्टे पन्नाशीतली असल्यामुळे ‘अल्झायमरचा रोग’ हा मध्यमवयात होणारा एक दुर्मीळ विकार ठरला, आणि सत्तरीपुढील माणसांच्या विस्मरणाला केवळ ‘म्हातारपण’ म्हणून बाजूला सारण्यात आले. ‘साठी बुद्धी नाठी’ हा जणू पाश्चात्त्य वैद्यकाचाही सिद्धान्त झाला. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे ब्लेसेड, टॉमलिन्सन आणि रॉथ या संशोधकांनी १९६८ मध्ये दाखवून दिले की, स्मृती गमावलेल्या वृद्धांच्या मेंदूत अल्झायमर यांनी वर्णिलेलेच बदल विपुल आढळतात. १९७६ मध्ये अमेरिकेतील मज्जाविकारतज्ज्ञ रॉबर्ट कॅट्झमन यांनी एका संपादकीय लेखात स्पष्ट सांगितले की, हे दोन वेगळे रोग नव्हेत. एकच आहे, आणि तो दुर्मीळ नसून मृत्यूच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे. स्मृतिभ्रंशाची इतरही कारणे आहेत. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे विकार हे त्यांपैकी एक. परंतु म्हातारपण हे काही त्याचे कारण नव्हे, ते केवळ त्याचे वय आहे, ही गोष्ट त्या लेखानंतर सर्वमान्य होऊ लागली.

हा भेद शास्त्रीय वाटतो, पण त्याचा परिणाम घराघरांत झाला. जे घडते आहे तो रोग आहे, हे कळताच घरची माणसे एकमेकांना शोधू लागली. १९७८ मध्ये कॅनडात या रोगाच्या कुटुंबीयांसाठी जगातली पहिली संस्था निघाली, १९७९ मध्ये ब्रिटनमध्ये आणि १९८० मध्ये अमेरिकेत. अमेरिकेतील संस्थेचे संस्थापक जेरोम स्टोन हे शिकागोचे उद्योजक. त्यांच्या पत्नीलाच हा रोग जडला होता. १९८१ मध्ये बाल्टिमोर येथील नॅन्सी मेस आणि पीटर रॅबिन्स यांनी घरच्या माणसांसाठी एक मार्गदर्शक पुस्तक लिहिले आणि त्याला नाव दिले ‘छत्तीस तासांचा दिवस’. शुश्रूषा करणाऱ्याचा दिवस चोवीस तासांत मावत नाही, हे त्या नावानेच सांगितले. १९८४ मध्ये निरनिराळ्या देशांतील संस्थांचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला, आणि १९९४ पासून २१ सप्टेंबर हा दिवस जगभर या रोगाचा दिवस म्हणून पाळला जाऊ लागला. या संस्थांचे काम मोठ्या इमारतींत सुरू झाले नाही. एखाद्या खोलीत दहा-बारा माणसे गोलाकार बसत आणि ज्या गोष्टी कोठेही बोलता आल्या नव्हत्या त्या बोलत. एकाने आपल्या रागाची कबुली दिली की, दुसऱ्याचे डोळे भरून येत. कारण तोच राग त्यालाही आलेला असे.

याच सुमारास वैद्यकाच्या दुसऱ्या एका शाखेत अध्यात्माला नव्याने स्थान मिळत होते. लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये मरणोन्मुख रुग्णांसाठी सेंट ख्रिस्तोफर नावाचे शुश्रूषालय उघडले. या बाई प्रथम परिचारिका, मग समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाल्या होत्या. वेदना केवळ शरीराची नसते; ती मनाची, संसाराची आणि आत्म्याचीही असते, आणि ती केवळ रुग्णाला होत नाही, त्याच्या कुटुंबालाही होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये परिहारक शुश्रूषेची जी व्याख्या स्वीकारली तीत रुग्णाबरोबर कुटुंबाचा आणि शारीरिक व मानसिक दुःखाबरोबर आध्यात्मिक दुःखाचा स्पष्ट उल्लेख आहे. सरकारी दस्तऐवजात ‘आध्यात्मिक’ हा शब्द सहसा शोभेपुरता येतो. येथे तो कामाचा शब्द म्हणून आला. जगण्याला अर्थ काय, हे माझ्याच वाट्याला का आले, माझ्या हातून अपराध तर घडला नाही ना, समोर बसलेले हे माणूस तेच आहे की दुसरे, असे जे प्रश्न औषधाने सुटत नाहीत त्यांना दिलेले ते नाव होते.

हे प्रश्न भारतात कोणत्या स्वरूपात उभे राहतात, याचा शोध प्रथम वाराणसीत आणि नंतर गोव्यात घेतला गेला. मानववंशशास्त्रज्ञ लॉरेन्स कोहेन यांनी १९८० नंतरच्या दशकात वाराणसीच्या मोहल्ल्यांत राहून वार्धक्याविषयी लोक काय बोलतात ते ऐकले आणि १९९८ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. म्हातारे माणूस भ्रमिष्ट झाले की, लोक त्याच्या मेंदूकडे पाहत नाहीत, घराकडे पाहतात, असे त्यांना आढळले. ‘एकत्र कुटुंबे मोडली, मुले बिघडली, सुना विचारीत नाहीत, मग म्हाताऱ्याचे असे होणारच’ हा तो निवाडा. गोव्यात विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी केलेला अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथेही लोकांना स्मृतिभ्रंशाची लक्षणे चांगली ओळखता येत होती, परंतु तो रोग आहे असे त्यांना वाटत नव्हते. काही जण त्याला वयाचा धर्म म्हणत, आणि काही जण तो मुलांनी केलेल्या हेळसांडीचा, प्रेमाच्या अभावाचा परिणाम मानीत.

ही दोन निरीक्षणे एकत्र ठेवली म्हणजे भारतातील सेवेकऱ्याचे खरे दुःख दिसू लागते. जी सून रात्री तीनदा उठून सासूची चादर बदलते तिच्याविषयीच गावात बोलले जाते की, ती नीट पाहत नाही म्हणून म्हातारीचे असे झाले. सासू स्वतःही तेच सांगत फिरते, कारण सकाळी जेवल्याचे तिला आठवत नाही. सेवा ज्या हातांनी होते त्याच हातांवर ठपका येतो. केरळमधील कुटुंबांचा एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही सेवा करणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रियाच होत्या, आणि रुग्णाचे वागणे हा हट्ट किंवा खोडसाळपणा आहे अशी अनेक घरांतली समजूत होती. अशा घरात जाऊन ‘सोसा, देव पाहतो आहे’ असे सांगणे म्हणजे जखमेवर हळद लावण्याऐवजी ती झाकून ठेवणे होय. दोषाची भावना दूर केल्याखेरीज तेथे कोणताही आध्यात्मिक आधार रुजत नाही.

भारतात ही जाणीव संघटित रूपाने आली ती केरळमधून. डॉ. जेकब रॉय हे बालरोगतज्ज्ञ. त्यांच्या वडिलांना हा विकार झाला होता. त्यांच्या पुढाकाराने १९९२ मध्ये या रोगासाठी भारतातील पहिली राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. १९९८ मध्ये कोची येथे जमलेल्या संशोधकांनी ‘दहा-सहासष्ट’ या नावाचा एक गट बनविला. नाव विलक्षण आहे, पण त्याचा हिशेब सरळ आहे : जगातील स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांपैकी सुमारे ६६ टक्के विकसनशील देशांत राहतात आणि त्यांच्याविषयीचे संशोधन १० टक्क्यांहूनही कमी होते. याच प्रयत्नांतून गोव्यात एक प्रयोग झाला, आणि त्याचे फळ २००८ मध्ये प्रसिद्ध झाले.

तो प्रयोग साधा होता. डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असलेली ८१ कुटुंबे निवडली आणि त्यांचे दोन गट केले. एका गटाच्या घरी सहा महिने, निदान पंधरवड्यातून एकदा, एक प्रशिक्षित कार्यकर्ता जाई. हा कार्यकर्ता डॉक्टर नव्हता; स्थानिक, बेताचे शिक्षण झालेला आणि थोड्या दिवसांचे प्रशिक्षण घेतलेला असा तो असे. तो घरच्यांना रोगाची माहिती देई, न्हाऊ घालणे व भरविणे यांतल्या अडचणी ऐके, सरकारी योजनांची वाट दाखवी, इतर कुटुंबांशी गाठ घालून देई. गरज पडेल तेथे मनोविकारतज्ज्ञाचे साहाय्य मिळे. सहा महिन्यांनंतर पाहता रुग्णांच्या प्रकृतीत निर्णायक म्हणावा असा फरक आढळला नाही. परंतु सेवा करणाऱ्यांचे मनःस्वास्थ्य निश्चित सुधारले होते आणि रुग्णाच्या वागण्याने त्यांना होणारा मनस्ताप कमी झाला होता. रोग तोच, घर तेच, रात्रीही त्याच. बदल झाला तो इतकाच की, कोणीतरी दार ठोठावून आत आले, बसले आणि ‘हा रोग आहे, तुमचा दोष नव्हे’ असे म्हणाले. त्या भेटीला कोणी आध्यात्मिक म्हटले नव्हते. तरीही अपराधाच्या भावनेतून मोकळे करणे हे जर अध्यात्माचे काम असेल, तर ते काम गोव्याच्या त्या घरांत झाले होते.

दोषाखालोखाल दुसरे दुःख शोकाचे. अमेरिकेतील पॉलीन बॉस या विदुषीने १९७० नंतरच्या दशकात व्हिएतनामच्या युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला. माणूस मेला की जिवंत आहे हे ज्यांना ठाऊक नसते त्यांचा शोक गोठून राहतो, असे त्यांना आढळले. पुढे त्यांनी हाच विचार स्मृतिभ्रंशाला लावला : तेथे शरीर हरवते आणि माणूस मनात राहतो, येथे शरीर समोर असते आणि माणूस हरवतो. भारतीय वाचकाला यावरून पालाशविधीची आठवण व्हावी. परदेशी गेलेला मनुष्य ठरावीक वर्षे वाट पाहूनही परतला नाही, तर पळसाच्या पानांची मनुष्याकृती करून तिला अग्नी द्यावा, असे धर्मशास्त्राने सांगितले आहे. शोकाला कोठेतरी शेवट हवा, हे त्या शास्त्रकारांना कळले होते. परंतु जो परदेशी गेलेला नाही, जो ओसरीवर बसून भिंतीकडे पाहतो आहे, त्याच्यासाठी विधी नाही. त्याच्या पत्नीला रडण्याचा दिवस नेमून दिलेला नाही; सांत्वनाला कोणी येत नाही, कारण मृत्यू झालेला नाही. तिला आज जे साहाय्य हवे ते हेच की, तिचा शोक हा शोक आहे, असे कोणीतरी मान्य करावे.

तिसरा प्रश्न सर्वांत खोल आहे. ज्याला आपले नाव आठवत नाही तो मनुष्य अजून तोच आहे काय? ब्रॅडफर्ड येथील टॉम किटवुड यांनी १९९७ मधील आपल्या ग्रंथात असे मांडले की, व्यक्तित्व हे केवळ मेंदूत साठविलेले नसते. माणसे एकमेकांना ते देतात आणि राखतात. रुग्णाच्या देखत तो नसल्यासारखे बोलणे, त्याला घाईने ओढणे, फसविणे, यांनी रोगाइतकीच हानी होते. ॲबर्डीन येथील धर्मशास्त्रज्ञ जॉन स्विंटन हे पूर्वी परिचारक होते. त्यांनी २०१२ मध्ये हाच विचार श्रद्धेच्या भाषेत सांगितला : माणूस स्वतःला विसरला तरी ईश्वराच्या स्मरणात तो असतो, आणि त्याच्या समाजाने त्याचे स्मरण वाहावे. श्रद्धेची भाषा ज्याला परकी वाटते त्यालाही यातला व्यवहार पटण्याजोगा आहे. नावे गळून पडतात, परंतु लहानपणी पाठ केलेली आरती, जात्यावरची ओवी, शाळेतले गाणे हे पुष्कळ वेळा शेवटपर्यंत टिकून राहते. मुलाला न ओळखणारी आई त्याने आरती सुरू करताच टाळीचा ठेका धरते, तेव्हा त्या मुलाला थोडा वेळ तरी आपली आई परत भेटते.

मराठीत हा प्रश्न सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटाने हाताळला. मोहन आगाशे यांनी त्यात स्मृती हरवत चाललेल्या एका संस्कृत पंडिताची भूमिका केली. तो पंडित एका हत्तीच्या मागोमाग चालत जातो आणि हरवतो. त्याला माहुताची बायको लेकरासारखे सांभाळते. तिला त्याची विद्वत्ता ठाऊक नसते आणि त्यामुळे तिने काही गमावलेलेही नसते. त्याची मुलगी मात्र त्याच्यात आपला पूर्वीचा बाप शोधीत असते. माहुताच्या बायकोच्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना २०१३ सालचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘अस्तु’ म्हणजे असो, तसे होवो. जे गेले ते परत मागत राहण्यापेक्षा जे समोर आहे त्याच्याशी नवे नाते जोडणे, हा त्या शब्दाचा येथला अर्थ होय. परंतु हे ‘अस्तु’ दमलेल्या माणसाला एकट्याने म्हणता येत नाही. त्यासाठी कोणीतरी त्याचा भार घटकाभर उचलावा लागतो.

आणि येथे पुन्हा पंढरीकडे वळणे उचित ठरेल. पुंडलिकाच्या कथेचा अर्धा भागच आपण नेहमी सांगतो. पुत्राने सेवा सोडली नाही, हा तो भाग. उरलेला अर्धा असा की, देव रागावला नाही, तो थांबला. सेवा करणाऱ्याला देवळात जाता येत नाही, म्हणून देव दारात उभा राहिला. संतचरित्रांतल्या आख्यायिका याहून पुढे जातात. जनाबाईला दळण आवरेना तेव्हा विठ्ठल जात्याच्या खुंट्याला हात लावतो. एकनाथांच्या घरी तो श्रीखंड्या होऊन बारा वर्षे कावडीने पाणी भरतो आणि गंध उगाळतो. इतिहासाच्या कसोटीला या आख्यायिका लावण्याचे कारण नाही. ज्या समाजाने त्या रचल्या त्या समाजाची अध्यात्माविषयीची कल्पना त्यांतून दिसते, आणि ती कल्पना अशी की, देव दमलेल्याला उपदेश करीत नाही, त्याच्याबरोबर दळतो.

केरळात हे प्रत्यक्ष घडले आहे. तेथे या शतकाच्या प्रारंभी गावोगावच्या स्वयंसेवकांनी अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी जाण्याचे जाळे विणले, आणि २००८ मध्ये राज्य सरकारने परिहारक शुश्रूषेचे धोरण जाहीर केले. शेजारचा शिक्षक, दुकानदार, निवृत्त कारकून आठवड्यातून काही तास दुसऱ्याच्या घरी जाऊन बसतो. देवळात, मशिदीत, चर्चमध्ये जाणारी माणसे तेथे एकाच कामासाठी एकत्र येतात.

या कामाची निकड आकड्यांवरून कळते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार साठीपुढील भारतीयांत सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अदमासे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत त्याचे प्रमाण अधिक आहे. तितकीच घरे आणि निदान तितकेच सेवेकरी धरले पाहिजेत. २००७ च्या कायद्याने आईवडिलांचा सांभाळ करणे हे मुलांचे कर्तव्य ठरविले आणि त्यांना टाकून देणे हा गुन्हा मानला. तो कायदा आवश्यक होता. परंतु कर्तव्याचा हिशेब मांडणाऱ्या त्या कायद्यात कर्तव्य करणाऱ्याच्या विसाव्याची तरतूद नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये स्वीकारलेल्या स्मृतिभ्रंशविषयक कृती आराखड्यात सेवा करणाऱ्यांना आधार देणे हे एक स्वतंत्र कलम आहे. ते गावपातळीवर उतरवण्याचे काम सरकारे करतील तेव्हा करतील. परंतु त्यातला मोठा वाटा सरकारवाचूनही उचलता येण्यासारखा आहे.

भजनी मंडळ, महिला मंडळ, ज्येष्ठ नागरिकांचा संघ, देवळाचा कट्टा, चाळीतला शेजार, यांपैकी काही ना काही मराठी माणसाच्या जवळपास असतेच, मग तो पुण्यात असो, इंदूरला असो वा दिल्लीत. मंडळाने एखादा गुरुवार त्या घरी जाऊन भजन करावे. आजोबांना टाळ वाजविता येईल. शेजारणीने दोन तास बसावे. सुनेला बाजारात जाऊन येता येईल किंवा नुसते झोपता येईल. प्रवचनकाराने पुंडलिकाची कथा सांगताना पुंडलिक थकला असेल, हेही एकदा सांगावे. आणि ज्याला यांपैकी काहीच जमणार नाही त्याने निदान आजी कशा आहेत हे विचारून झाल्यावर तेथेच न थांबता, ‘आणि वहिनी, तुम्ही कशा आहात?’ एवढे विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत उभे राहावे.